राबावरचा मुरूम

करंबेकोंडच्या धरणानं आजवर घागरभर पाणी अडवलं नाही, नारळ मात्र तीन खाल्ले. पहिला खाल्ला त्याला सव्वीस वर्षं झाली. मग सरकार बदललं आणि काम थांबलं. दुसरा ज्या साहेबानं फोडला त्यानं पुढच्याच साली पक्ष बदलला, आणि काम थांबलं. तिसऱ्या वेळेपर्यंत गावातही दोन गट झाले होते, त्यामुळं नारळाबरोबर चार डोकीही फुटली आणि पोलादपूरहून पोलिसांची गाडी आली. काम पुन्हा थांबलं.

दरीच्या तोंडाशी मातीची अर्धी भिंत उभी आहे. तिच्यावर रानमोडी माजली आहे आणि शेरडं चरतात. पावसाळ्यात नदी उरलेल्या अर्ध्या वाटेनं मुकाट निघून जाते आणि कापडे गावाच्या खाली सावित्री नदीला मिळते. कागदावर मात्र गाव केव्हाच बुडालं. बुडणाऱ्या गावाला डांबर कशाला, बुडणाऱ्या शाळेला कौलं कशाला, असं म्हणत म्हणत सरकारनं गावाला सव्वीस वर्षं कोरडंच बुडवून ठेवलं. पोरंबाळं मुंबईला गेली. राहिले ते सातबाऱ्यावर सरकारचं नाव असलेल्या आपल्याच जमिनी चोरासारख्या कसत राहिले.

यंदा निवडणुका तोंडावर आल्या, तशी धरणाला चौथ्या नारळाची भूक लागली.

वैशाख सरत आला होता. रोहिणी लागायला पाच दिवस होते. प्रयागबाई सकाळी करवंदीच्या काट्यांचा भारा डोक्यावर घेऊन भिंतीच्या आतल्या अंगाला असलेल्या आपल्या राबाकडे उतरली. गुरं राबात शिरतात आणि राख तुडवतात म्हणून कुंपण नीट करायचं होतं. बांधावर आली आणि जागीच उभी राहिली. जिथं काळा राब असायला हवा तिथं लाल मुरूम पसरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सपाट, चोपून बसवलेला. तिचं कुंपण एका कडेला ढकलून ढीग करून ठेवलं होतं, आणि मधोमध पिवळं जेसीबी उभं होतं.

भारा डोक्यावरून खाली पडला तो तिच्या पायावर पडला. काटे घुसले ते तिला संध्याकाळी कळलं.

राब काय असतो ते ज्यानं डोक्यावर वाहिला नाही त्याला नुसती जळकी जमीन दिसते. माघात प्रयागबाई आणि तिचा नवरा रावजी ऐन-किंजळीच्या झाडांवरचं कवळ, म्हणजे पाला-डहाळ्या, तोडायला डोंगरात जात. वर रावजी कोयता चालवी, खाली ती मोळ्या बांधी. दिवसाला चार खेपा. मग शेण, मग पातेरा, मग गवत, आणि वर बारीक चाळलेली माती, असे थर हातानं लावायचे. चैत्रात पहाटे वारा मंदावलेला असताना वाऱ्याच्या उलट्या अंगानं विस्तव लावायचा, म्हणजे आग पळत नाही, रांगत जाते आणि माती खोलवर भाजते. त्या राखेत रोहिणीला, पावसाच्या आधी कोरड्यातच, धूळपेरा करायचा. पावसाला तिथं भाताची रोपं उठतात, आणि ती उपटून सगळ्या शेताची लावणी होते. खाचरं कितीही असोत, राब हातचा गेला की वर्ष गेलं. दुसऱ्याकडे रोपं मागावीत तर ज्याचा त्याचा राब ज्याच्या त्याच्या पोटापुरता असतो. आणि दुसरा राब भाजावा तर आता ना कवळ उरलं होतं, ना शेण, ना दिवस.

"कुनी केलं हे?" प्रयागबाई ओरडली. तिच्या आवाजाला गाव टरकून असे. जेसीबीच्या केबिनमधून ड्रायव्हर खाली उतरला. धम्मपाल त्याचं नाव, कापड्याकडचा.

"मावशी, मी दोनदा बोललो, हा राब हाय. आमच्या घरीपण राब हाय, मना काय कळत नाय? तो बोल्ला, जळकी जमीन हाय, टाक." त्यानं मान भिंतीकडे वळवली.

भिंतीखाली मंडपाचे खांब रोवले जात होते आणि तिथं मंगेश दोन फोनवर आळीपाळीनं बोलत होता. मंगेश ठेकेदाराचा माणूस, आणि चौथा नारळ फोडायला येणाऱ्या साहेबांच्या पक्षाचाही माणूस. पोलादपुरात राहायला गेला त्याला आठ वर्षं झाली, पण त्याचा आजा कवळ तोडताना झाडावरून पडून लंगडा झाला होता, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"मंग्या! माज्या राबावर मुरूम टाकलास तू?"

"काकी, टेन्शन नका घेऊ." मंगेशनं एक फोन खिशात टाकला. "शुक्रवारी साहेबांचं भूमिपूजन हाय. पंधरा-वीस गाड्या येणार. पार्किंगला सपाट जागा तेवढीच हाय. गाड्या काय राखेत लावायच्या?"

"गाड्या तुज्या छाताडावर लाव. तो राब हाय माजा!"

"काकी, नीट बोला. सातबाऱ्यावर जमीन कुनाची हाय? प्रकल्पाची. तुमी सव्वीस वर्षं फुकट पिकवलीत, कुनी इचारलं का? उलट आभार माना."

प्रयागबाईनं वाकून मुठीत मुरूम घेतला. तो मंगेशच्या तोंडावर मारावा असं तिच्या मनात आलं. पण मांडव घालणारी माणसं हात थांबवून मजा बघत होती, त्यातला एक फोन वर धरून फिल्म काढत होता. तिनं मूठ सोडली. आपण मूठ सोडली याचा राग तिला मंगेशवरच्या रागाहून जास्त आला, आणि तो घरी पोचेपर्यंत वाढतच गेला.

घरी रावजी सुंभ वळत बसला होता. तिनं सांगितलं ते त्यानं ऐकलं, सुंभ खाली ठेवला, आणि काहीच बोलला नाही. हा माणूस घरात असाच. पण सोमजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की याच माणसाचा आवाज आंबेनळी घाटाच्या वळणापर्यंत जाई. गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घरात चार पिढ्यांचा. रावजीनं एकेक मागणं देवीपुढं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला गावानं एका तोंडानं "होय म्हाराजा" म्हणायचं. करंबेकोंडात याला एक कडक नियम होता. सगळ्यांनी होय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवीला पोचत नाही, आणि एकानंही नाय म्हटलं की ते तिथंच अडतं. मग गुरव नारळ फोडत नाही. नाय म्हणणाऱ्याचं आधी ऐकायचं, त्याचं मिटवायचं, मगच पुढं. एका शिमग्याला शेजारच्या चंपाबाईच्या सासऱ्यानं बांधाच्या भांडणावरून नाय म्हटलं होतं, तेव्हा पालखी उन्हात दोन तास उभी होती. त्यानंतर कुणी नाय म्हटलं नव्हतं.

बुधवारी मंगेश स्वतःच पडवीत आला. प्रयागबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती आत चुलीपाशी बसून ऐकत राहिली.

"रावजीकाका, साहेबांना गाऱ्हाणं पायजे. ओरिजिनल, आपल्या गावचं. टीव्हीवाले येनार हायत. तुमच्याबिगर कोन घालनार?"

"मुरूम टाकलास तो?" रावजी म्हणाला.

"तेच सांगायला आलो. तुमी गाऱ्हाणं घाला, शनवारी सकाळी जेसीबी लावतो आन सगळा मुरूम उचलतो. आईची शप्पथ. रोहिणीचा पेरा तुमचा तुमी करा."

मग रावजी म्हणाला, "घालतो."

"हा कागद. यात काय काय घ्यायचं ते लिवलंय. साहेबांच्या पीएनं बघून दिलाय."

मंगेश गेला तशी प्रयागबाई बाहेर आली. "देवीचं गाऱ्हाणं कदीपासनं कागदावर आलं?"

"राब पायजे का नको तुला?" रावजी म्हणाला. त्यानं कागद सदऱ्याच्या खिशात घातला.

राब पाहिजे होता. ती आत चुलीकडं वळली. तिसऱ्या प्रहरी रावजी गोठ्याच्या मागं उभा राहून तो कागद अक्षर अक्षर लावत वाचताना तिला दिसला. तिची चाहूल लागताच त्यानं घडी केली. चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला मागाहून शंभरदा वाटलं.

शुक्रवारी गाड्या आल्या. पंधरा नाही, तीस आल्या. त्या सगळ्या तिच्या राबावर उभ्या राहिल्या. एका मोठ्या काळ्या गाडीखालून तेल ठिबकत होतं आणि मुरमात जिरत होतं. प्रयागबाई ते बघत बांधावर उभी होती, तेव्हा चंपाबाईनं तिला दंडाला धरून मंडपात नेलं. पुढच्या सोफ्यांवर साहेब आणि पाहुणे, त्यामागं खुर्च्यांवर टेम्पोतून आणलेली माणसं, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते सगळे शेवटी उभे. देवळातून सोमजाईचा टाक आणून पाटावर ठेवला होता. देवीलाही बोलावून घेतलं होतं.

रावजीच्या डोक्याला भगवा फेटा बांधला होता. तो माइकपुढं आला. एरवी गाऱ्हाण्याला तो डोळे मिटायचा. आज त्याच्या हातात कागद होता.

"आई सोमजाई, बारा गावच्या बारा वाटा राखनारे, आज तुज्या लेकरांनी तुज्या पायाशी हा नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे."

"होय म्हाराजा!" गाव म्हणालं. प्रयागबाईही म्हणाली. ते तोंडातून आपसूक येतं.

"मुंबैला, सुरतेला गेलेल्या पोरांना सुखी ठेव, त्यांच्या रोजीरोटीला बळ दे."

"होय म्हाराजा!"

"हे धरन पुरं होऊ दे. साहेबांच्या हाताला येश दे."

"होय म्हाराजा!" टेम्पोतली माणसं मोठ्यानं ओरडली. गावाचा आवाज थोडा बसला, पण आला. प्रयागबाईचाही आला. शनिवारी सकाळी जेसीबी लागणार होतं. तिनं डोळ्यांसमोर तेवढंच ठेवलं होतं.

रावजी थांबला. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मंगेश बाजूनं हळूच म्हणाला, "वाचा, काका." माइकमधून ते सगळ्यांनी ऐकलं.

"ह्या धरनासाठी," रावजी म्हणाला, आणि त्याचा आवाज घरातल्यासारखा लहान झाला, "आमच्या वाडवडलांनी आपल्या जमिनी राजीखुशीनं दिल्या, त्यांचं पुन्य..."

"नाय!"

हा आवाज आपला आहे हे प्रयागबाईला क्षणभर कळलंच नाही. सगळी डोकी मागं वळली, तेव्हा कळलं.

गुरवानं नारळ उचलला होता, तो त्यानं पाटावर परत ठेवला. "गाऱ्हानं अडलं," तो म्हणाला. कुणाची परवानगी न घेता म्हणाला, जसं देवळात म्हणायचा तसं.

"काकी, गप बसा!" मंगेश धावत आला. "काय चाललंय काय?"

"ती नाय बोल्ली," मागून एक म्हातारा म्हणाला. "आता तिचं ऐकाया लागतं. रीत हाय."

प्रयागबाई पुढं गेली. माइकपर्यंत गेली नाही, तिला त्याची गरज नव्हती.

"सव्वीस सालामागं शाळेत जमिनी घ्यायला सरकारी सायेब आले व्हते. माजा सासरा, मालोजी, जमीन देनार नाय असं सांगाया गेला. मी दारात उभी व्हते, पोटुशी. सायेब म्हनला, हरकत हाय ना बाबा? मग हरकतीच्या कागदावर अंगठा कर. त्यानं केला. तोच कागद संमतीचा निगाला. दोन सालांनी कळलं. मरस्तवर म्हातारा त्या अंगठ्याला शिव्या घालत व्हता. जेवताना घास उचलायचा आन अंगठ्याकडं बगून पुन्ना ताटात टाकायचा. राजीखुशीनं?" तिनं देवीच्या टाकाकडं हात केला. "तिच्या म्होरं खोटं बोलनारा बोलो. मी होय म्हननार नाय."

तिनं रावजीकडं मात्र पाहिलं नाही.

मग साहेब उठले. हसतमुख माणूस. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आजींच्या भावना आम्ही समजू शकतो. प्रकल्पग्रस्तांच्या एकेका मागणीचा सकारात्मक विचार होईल. पण शुभकार्याला उशीर नको." त्यांनी पाटावरचा नारळ स्वतः उचलला आणि दगडावर हाणला. पाणी उडालं, टेम्पोतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. ताटात खोबऱ्याचे तुकडे फिरवले गेले. करंबेकोंडातल्या एकाही माणसानं तुकडा घेतला नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. या गटाच्यानं घेतला नाही आणि त्या गटाच्यानंही घेतला नाही. पण तेवढंच. बाकी कुणी तोंडही उघडलं नाही, आणि सगळ्या गावाचं मिळून जे बोलणं व्हायचं ते आपल्या एकटीच्या गळी आलं याचा प्रयागबाईला संताप आला.

गाडीत बसायच्या आधी मंगेश रावजीजवळून गेला. "काका, आता मुरूम इसरा," म्हणाला. रावजी फेटा हातात घेऊन उभा होता.

त्या संध्याकाळी त्यानं तिच्या हातची भाकरी खाल्ली, पण एक शब्द बोलला नाही. ती पायात अजून राहिलेले काटे सुईनं काढत बसली. तिनं वाट पाहिली की तो शिवी घालेल, ताट फेकेल, काहीतरी करेल. त्यानं काही केलं नाही. आपण एका शब्दानं वर्षाचं भात घालवलं, हे तिला ठाऊक होतं. तोच शब्द पुन्हा बोलावा लागला तर आपण बोलू, हेही ठाऊक होतं. या दोन्हींच्या मधे तिला झोप कशी ती लागली नाही.

सकाळी ती कुदळ आणि घमेलं घेऊन खाली गेली. रावजी मागून येत होता का नव्हता, तिनं वळून पाहिलं नाही. मंडप सुटला होता. वाटेवर मोठा ट्रेलर उभा होता आणि त्यावर जेसीबी चढवून साखळ्यांनी बांधलेलं होतं. धम्मपाल साखळी आवळत होता.

"कुटं चाललास?" तिनं विचारलं.

"महाडला. तिथं दुसरं काम हाय."

"म्हंजे मी नाय बोलले म्हनून मशीन नेताव?"

धम्मपाल तिच्याकडे बघत राहिला. "नाय मावशी. मशीन कालच्यापुरतीच बोलावली व्हती. रातचीच न्यायची, ट्रेलर मिळाला नाय म्हनून आज."

"आन मुरूम काडायचा व्हता तो? धरनाचं काम?"

"मना कुनी काय बोल्लं नाय. मंडप झाला, पार्किंग झालं, बस." मग तो जरा घुटमळला. "मी काडला असता, पन आता मशीन हलली की मालकाला मोबाइलवर दिसतं. आन खरं सांगू? काडूनपन काय उपेग नव्हता. बकेटनं मुरूम निगंल त्याच्यासंगं राखपन निगंल. ते हातानंच काडायला लागतं. शेतकऱ्याला सांगायला नको ते."

सांगायला नको होतं. प्रयागबाई वळली. रावजी चार पावलांवर उभा होता, खांद्यावर फावडं घेऊन. त्यानं सगळं ऐकलं होतं. चार पिढ्यांचा मान, देवीपुढचं खोटं, आणि बदल्यात काय, तर जे होणारच नव्हतं आणि झालं असतं तरी राबाला उपयोगी नव्हतं ते. हे त्याला बुधवारी सुचलं नव्हतं. तिलाही सुचलं नव्हतं. दोघांनी जन्म राबात काढला होता आणि एका मंग्याच्या शपथेनं दोघांची अक्कल गहाण पडली होती. तिला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला तोंड उघडलं तेव्हा त्यात निम्मी ओरड स्वतःसाठी होती, म्हणून ती गप्प बसली.

ट्रेलर धूळ उडवत घाटाच्या खाली गेला.

ते वरच्या कोपऱ्यापासून लागले. मुरूम वीतभर जाड होता, गाड्यांनी दाबून दगडासारखा झालेला. ती कुदळीनं सैल करी, तो फावड्यानं ओढी. राखेपाशी आलं की हत्यार टाकायचं आणि हातानं खरवडायचं, नाहीतर काळं लालात मिसळतं. ऊन चढलं. तिच्या बोटांची सालं गेली. काळी गाडी उभी होती तिथली राख तेलानं चिकट झाली होती, ती जागा सोडून दिली. दुपारपर्यंत खाटेएवढा राब उघडा झाला. तशा दोनशे खाटा बाकी होत्या आणि आंबेनळीवर ढग बसायला लागले होते.

रावजीनं फावड्यावर रेलून घाम पुसला. काल दुपारपासून पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं.

"तू नाय बोल्लीस ना, तवा मना तुजा असा राग आला..."

"आन आता?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायची त्याची हौस बहुधा कालच फिटली होती. "अजून हाय."

"असू दे," प्रयागबाई म्हणाली. तिनं कुदळ उचलली. "रागानं खना. दम लौकर लागत नाय."